जमीन कोणाच्या नावावर?

अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यात, बॉस्टनच्या ईशान्येला, इप्सविच आणि हॅमिल्टन या गावांच्या शिवेवर ॲपल्टन फार्म्स नावाची सुमारे एक हजार एकरांची जमीन आहे. दगड रचून केलेले बांध, लांबरुंद कुरणे, चरणाऱ्या गाई, आणि एका अंगाला जुन्या झाडीतून गेलेल्या रुंद गवती वाटा. सतराव्या शतकाच्या पूर्वार्धापासून इथे शेती चालू आहे. खंड न पडता कसल्या गेलेल्या अमेरिकेतल्या सर्वांत जुन्या शेतांमध्ये तिची गणना होते. नऊ पिढ्या ती एकाच घराण्याकडे होती. आज ती कोणत्याच घराण्याची नाही. ‘द ट्रस्टीज ऑफ रिझर्व्हेशन्स’ ही विश्वस्त संस्था ती सांभाळते, आणि जिथे पूर्वी पाहुण्याखेरीज कुणी पाऊल टाकत नसे तिथे आता वाटेल तो येऊन चालतो.

अशा राखून ठेवलेल्या जुन्या शेतजमिनींवर फिरायला येणाऱ्यांत गेल्या पंचवीस वर्षांत एका नव्या वाटसरूची भर पडली आहे. त्याच्या फोनवर अक्षांश-रेखांशाचे आकडे असतात. आकडे जुळेपर्यंत तो चालतो, मग थांबतो, बांधाच्या दगडांमधल्या फटी पाहतो, पडलेल्या ओंडक्याच्या पोटात हात घालतो. नशीब असेल तर एक झाकणबंद डबा हाती लागतो. आत एक चिमुकली वही, पेन्सिल, दोन-चार गोट्या, एखादी किल्ल्यांची कडी. तो वहीत नाव आणि तारीख लिहितो, झाकण घट्ट लावतो आणि डबा होता तसा, होता तिथे ठेवून निघून जातो. जिओकॅशिंग म्हणतात ते हेच. जगभर असे तीस लाखांहून अधिक डबे लपलेले आहेत, आणि विकायला काढले तर बहुतेकांतल्या ऐवजाचे चार पैसेही येणार नाहीत.

पोरखेळ म्हणून हा विषय सोडून देता येईल. पण खेळाचा गाभा असलेला नियम नीट पाहिला तर धर्मचिंतकांना आणि तत्त्वज्ञांना फार जुन्या काळापासून छळणारा प्रश्न त्यात दिसतो. एखादी गोष्ट आपली न करता ती पुरेपूर लाभू शकते का? आणि ती गोष्ट जमीन असेल, जिच्यासाठी भावाने भावाचा गळा धरला, तर त्या प्रश्नाला काय उत्तर द्यायचे?

खेळाचा जन्म एका सरकारी निर्णयातून झाला. पृथ्वीपासून सुमारे वीस हजार किलोमीटर उंचीवर फिरणारे जीपीएसचे उपग्रह मुळात अमेरिकी लष्कराचे. नागरिकांना मिळणाऱ्या त्यांच्या संदेशात मुद्दाम चूक मिसळलेली असे, त्यामुळे जागा शंभर मीटरपर्यंत चुकायची. राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांच्या आदेशाने २ मे २००० रोजी ही भेसळ थांबली आणि एका रात्रीत साध्या माणसाच्या हातातले यंत्र कितीतरी पटींनी अचूक झाले. दुसऱ्याच दिवशी, ३ मे रोजी, डेव्ह उल्मर या संगणक-सल्लागाराने ऑरेगन राज्यात बीव्हरक्रीक गावाजवळच्या रानात एक काळी प्लास्टिकची बादली ठेवली. तिच्यात पुस्तके, चित्रफिती, एक गलोल, घेवड्याच्या दाण्यांचा एक डबा, नोंदवही आणि पेन्सिल होती. जागेचे आकडे त्याने जाहीर केले आणि नियम सांगितला तो एवढाच, की काही घ्या, काही ठेवा, आणि वहीत लिहा. तीन दिवसांत दोघे तिथवर पोहोचले होते.

त्याच्याही आधी, १८५४ साली, इंग्लंडच्या डार्टमूरवर जेम्स पेरट नावाच्या वाटाड्याने क्रॅनमियर पूल या आडबाजूच्या ठिकाणी एक बाटली ठेवली होती. इतक्या दूर चालत आलेल्याने तिच्यात आपले नाव सोडावे, अशी ती सोय होती. माणसाला एखाद्या जागी पोहोचल्याची खूण ठेवावीशी वाटते, ही ओढ उपग्रहांपेक्षा जुनी आहे.

पुढे खेळ पसरला तसे नियम कडक होत गेले. जमिनीच्या मालकाची परवानगी हवी. डबा पुरायचा नाही, त्यासाठी माती उकरायची नाही. दोन डब्यांत साधारण १६१ मीटरचे अंतर हवे. जे घ्याल त्याच्या तोडीचे किंवा त्याहून बरे काहीतरी आत ठेवा. येता-जाता वाटेवरचा कचरा उचलून न्या. या नियमांच्या मुळाशी एकच गृहीत आहे, की तुमच्यानंतर कुणीतरी येणार आहे आणि त्यालाही डबा सापडण्याचा तितकाच हक्क आहे.

आता ज्या जमिनीवर हा खेळ खेळला जातो तिची नोंदवही उघडून पाहावी. ॲपल्टनसारख्या शेतावर ते अपरिहार्य आहे, कारण तिथला प्रत्येक दगडी बांध कुणीतरी कधीतरी ‘इथून पुढे माझे’ म्हणून घातलेला आहे.

सॅम्युएल ॲपल्टन इंग्लंडच्या सफक परगण्यातल्या लिटल वॉल्डिंगफील्डहून १६३० च्या दशकात इथे आला. इप्सविच गावाने त्याला जमीन तोडून दिली. पण गावाकडे ती कुठून आली? हा प्रश्न त्या काळच्या लोकांनाही पडला होता, आणि त्याचे उत्तर त्यांनी बायबलमध्ये शोधले, ही गोष्ट आवर्जून सांगायला हवी. मॅसॅच्युसेट्स बे वसाहतीचा पुढारी जॉन विन्थ्रॉप याने १६२९ मध्येच युक्तिवाद मांडला होता. देवाने पृथ्वी माणसाला दिली ती कसण्यासाठी आणि ताब्यात घेण्यासाठी. इथले मूळ रहिवासी जमिनीला कुंपण घालत नाहीत, गुरे पाळत नाहीत, एका जागी घर करून राहत नाहीत. म्हणून त्यांचा तिच्यावर निसर्गसिद्ध हक्क असला तरी कायद्याचा हक्क नाही. त्यांना पुरेल इतके सोडून बाकीचे घ्यायला हरकत नाही.

तिथल्या लोकांची वहिवाट वेगळी होती. एका हंगामात मक्याची शेती, दुसऱ्यात मासेमारी, तिसऱ्यात शिकार. ज्या जागेचा जो उपयोग त्यापुरता तिच्यावर हक्क. रानातले झुडूप ते ठरावीक काळाने जाळत, म्हणजे शिकारीला वाट मोकळी होई आणि कोवळे गवत फुटे. इंग्रजांनी त्या मोकळ्या रानाला ओसाड म्हटले. इतिहासकार विल्यम क्रोनन यांनी १९८३ सालच्या आपल्या ग्रंथात न्यू इंग्लंडच्या परिसराचा इतिहास लिहिताना हाच धागा उलगडला आहे. शिवाय १६१६ ते १६१९ या काळात युरोपीय जहाजांबरोबर आलेल्या साथींनी किनाऱ्यावरची गावेच्या गावे रिकामी केली होती. रोगाने मोकळ्या झालेल्या शेतांकडे बोट दाखवून ही देवाचीच योजना म्हणणारे कमी नव्हते.

या युक्तिवादाला विरोध झाला तो त्याच श्रद्धेच्या एका माणसाकडून. रॉजर विल्यम्स हा धर्मोपदेशक म्हणाला की इंग्लंडच्या राजाला ही जमीन कुणाला देण्याचा अधिकारच नाही, कारण ती मुळात त्याची नाही. मूळ रहिवासी जाळपट्टे काढून रान राखतात, तोही जमिनीचा वापरच आहे, तेव्हा हवी असेल तर त्यांच्याकडून रीतसर विकत घ्या. धर्ममत आणि राज्यसत्ता यांविषयीची त्याची इतर मतेही अधिकाऱ्यांना सलत होती. ऑक्टोबर १६३५ मध्ये त्याला हद्दपारीची शिक्षा झाली आणि पुढच्या वर्षी त्याने प्रॉव्हिडन्स वसवले. ॲपल्टन कुटुंब या किनाऱ्यावर उतरले ते याच सुमारास. जमिनीचा प्रश्न तेव्हा पुरता जिवंत होता आणि तो विचारणाऱ्याला काय किंमत मोजावी लागते हे सर्वांनी पाहिले होते.

जून १६३८ मध्ये इथल्या अगावाम या मूळ रहिवाशांचा प्रमुख मॅस्कोनोमेट याने इप्सविचची जमीन वीस पौंडांना जॉन विन्थ्रॉपच्या त्याच नावाच्या मुलाला लिहून दिली. सहा वर्षांनी तो वसाहतीच्या सत्तेला शरण गेला, तेव्हा बायबलच्या दहा आज्ञांवरून त्याची आणि इतर प्रमुखांची विचारपूस झाली. १६५८ मध्ये तो वारला. हॅमिल्टनमधल्या सॅगमोर टेकडीवर त्याला पुरले. पुढच्याच वर्षी एका तरुणाने ती कबर उकरली आणि त्याची कवटी काठीच्या टोकावर लावून मिरवली. न्यायालयाने त्याला शिक्षा केली आणि अस्थी पुन्हा पुरायला लावल्या. १७०० च्या सुमारास मॅस्कोनोमेटच्या नातवांनी आजोबांच्या मुलखावर हक्क सांगितला, तेव्हा आसपासच्या गावांनी थोडेफार पैसे देऊन पुन्हा दस्त करून घेतले. म्हणजे साठ वर्षे उलटल्यावरही आपल्या मालकीच्या कागदावर गावांचा पुरता विश्वास नव्हता.

बायबलच्या लेवीय या ग्रंथात एक स्पष्ट दंडक आहे, की जमीन कायमची विकायची नाही, कारण ती देवाची आहे आणि माणसे तिच्यावर पाहुणी आहेत. वसाहतीतली प्युरिटन पंथाची मंडळी हा ग्रंथ रोज उघडत. तरी त्यांनी घेतलेली जमीन पुढे पिढ्यान्‌पिढ्या खरेदीखताने फिरत राहिली. शतक संपता संपता, १६८९ मध्ये, जॉन लॉकने मालकीचा पाया देवाच्या शब्दाऐवजी माणसाच्या श्रमावर उभारला. ज्याने जमिनीत घाम ओतला तिचा तो धनी, मात्र इतरांसाठी पुरेसे आणि तितकेच चांगले उरले पाहिजे. लॉकचे विवेचन मोठ्या ताकदीचे आहे. ॲपल्टनांच्या नऊ पिढ्यांचा घाम या मातीत जिरला हे खरेच आहे. पण अगावाम स्त्रियांनी त्याच परिसरात मका लावला, पुरुषांनी रान राखले, तोही घामच होता, आणि तो हिशेबात धरला गेला नाही. श्रमाने मालकी मिळते म्हणताना कोणाचे श्रम दिसतात आणि कोणाचे दिसत नाहीत, हे आधीच ठरून गेलेले असते.

ॲपल्टन इथे आल्यानंतर सुमारे दोनशे वर्षांनी याच राज्यातल्या काँकर्ड गावात या प्रश्नाला एक अनपेक्षित उजाळा मिळाला, आणि तो भारतातून आला. एच. एच. विल्सन यांनी केलेले विष्णुपुराणाचे इंग्रजी भाषांतर १८४० मध्ये प्रसिद्ध झाले होते. राल्फ वॉल्डो इमर्सन यांनी १८४५ मध्ये ते वाचले आणि त्यातला एक उतारा आपल्या रोजनिशीत उतरवून घेतला. पुराणाच्या चौथ्या अंशाच्या शेवटी पराशर मैत्रेयाला राजवंशांच्या लांबलचक याद्या सांगून झाल्यावर पृथ्वीचे बोलणे ऐकवतात. स्वतःला जिंकता न आलेले राजे मला जिंकायला निघतात, त्यांचे बाप-आजे मला इथेच टाकून गेले तरी मुलांना वाटते मी त्यांची, याचे पृथ्वीला हसू येते. इमर्सन यांनी हा प्रसंग उचलून काँकर्डच्या शेतांत आणला. ‘हमात्रेय’ या त्यांच्या कवितेत राजांच्या जागी मॅसॅच्युसेट्सचे शेतकरी आहेत, तेही खऱ्या आडनावांनिशी. नंतरच्या आवृत्तीत तर त्यांनी पहिले नाव घातले ते काँकर्ड वसवणाऱ्या बल्कली यांचे, म्हणजे स्वतःच्याच पूर्वजाचे. पुराणातही आणि कवितेतही पृथ्वीचे गाणे ऐकून ऐकणाऱ्याचा हव्यास ओसरतो.

इमर्सन यांचे स्नेही हेन्री डेव्हिड थोरो यांचा पोटापाण्याचा धंदा जमीनमोजणीचा होता. होकायंत्र आणि साखळी घेऊन त्यांनी दीडशेच्या आसपास मोजण्या केल्या. जिओकॅशर आज उपग्रहांवरून जागा शोधतो, थोरो तीच जागा पावलांनी आणि साखळीने शोधत, फरक इतकाच की त्यांच्या नकाशावरून पुढे वाटण्या होत आणि झाडे तुटत. ही बोच त्यांना होती. ‘वॉल्डन’मध्ये त्यांनी हॉलोवेल नावाच्या शेताची हकीकत सांगितली आहे. व्यवहार ठरला, पण मालकाच्या बायकोचे मन फिरले आणि शेत हातचे गेले. थोरो यांना त्याची खंत नव्हती. तिथला देखावा आपल्याजवळ राहिलाच आणि त्याच्या ढोबळ पिकापेक्षा तो दरवर्षी अधिक देतो, असा त्यांचा भाव आहे. ऑक्टोबर १८५९ मधल्या रोजनिशीत ते याहून पुढे गेले. प्रत्येक गावाने पाचशे ते हजार एकर रान कायमचे सामाईक राखावे, तिथली काठीही जळणासाठी तोडू नये, अशी मागणी त्यांनी लिहून ठेवली. ती प्रत्यक्षात आणणारे कोणी त्यांच्या हयातीत निघाले नाही.

ते काम १८९१ मध्ये सुरू झाले. चार्ल्स एलियट या तरुण उद्यान-रचनाकाराने बॉस्टनभोवतालची सुंदर रानेवने झपाट्याने बांधकामाखाली जाताना पाहिली आणि सुचवले की ग्रंथालय जसे पुस्तके आणि संग्रहालय जशी चित्रे सर्वांसाठी राखते, तशी एखादी संस्था जमीन राखू शकेल. राज्याच्या विधिमंडळाने तसा कायदा केला आणि ट्रस्टीज ही संस्था उभी राहिली. ब्रिटनच्या नॅशनल ट्रस्टने चार वर्षांनी याच धर्तीवर काम सुरू केले. एलियट १८९७ मध्ये, अवघ्या सदतिसाव्या वर्षी गेले.

ॲपल्टन घराण्याने आधी १९७० मध्ये ‘ग्रास राइड्स’ हा झाडीचा भाग, घोड्यावरून रपेट करण्यासाठी आखलेल्या गवती वाटांसह, या संस्थेला दिला. मग १९९८ मध्ये जोन एगल्स्टन ॲपल्टन यांनी उरलेले शेतही दिले. बॉस्टनच्या परिसरात जमिनीचे भाव काय आहेत हे ठाऊक असणाऱ्याला या दानाचे वजन सांगावे लागत नाही. तिथल्या वाटांवर दगडी कळस उभे दिसतात. ते हार्वर्ड विद्यापीठाच्या गोर हॉल या जुन्या ग्रंथालयाचे. १९१३ मध्ये ते ग्रंथालय पाडले गेले आणि घराण्याने कळस आणून आपल्या रानात बसवले. ग्रंथालय गेले, घराण्याची मालकी गेली, कळस मात्र अजून वाट दाखवतात.

इथे तत्त्वज्ञानाची खरी अडचण सुरू होते. दान ‘कायमचे’ असते. मॅसॅच्युसेट्सच्या १९६९ च्या कायद्याने तर जमीन खासगी मालकीत ठेवूनही तिच्यावर ‘इथे कधीच बांधकाम होणार नाही’ असा कायमचा बोजा चढवता येतो. टॉमस जेफरसन यांनी १७८९ मध्ये जेम्स मॅडिसन यांना लिहिलेल्या पत्रात बजावले होते की पृथ्वीचा उपभोग जिवंतांचा आहे आणि मेलेल्यांची सत्ता तिच्यावर चालू नये. मग मृत दात्याच्या इच्छेने अजून न जन्मलेल्यांचे हात बांधणे न्याय्य कसे? उद्या त्या गावाला घरांची निकड भासली तर? आधीच महाग असलेल्या भागात मोकळी जमीन गोठवली की शेजारच्या घरांचे भाव आणखी चढतात आणि गरिबाला तिथे राहणे अवघड होते, हाही आक्षेप खराच आहे.

जेफरसन यांच्या युक्तिवादातच त्याचे एक उत्तर दडलेले आहे. उपभोगाचा हक्क म्हणजे वस्तू संपवण्याचा हक्क नव्हे. ती जशी मिळाली तशी पुढे देण्याची अट त्याला चिकटलेली असते. कुरण राखले तर पुढच्या पिढीला ते कुरणच ठेवायचे की नाही, यावर निदान भांडता तरी येते. तिथे इमारती उभ्या राहिल्या तर भांडणाचा विषयच संपतो. म्हणून राखण्याने पुढच्यांचे हात बांधले जातात त्यापेक्षा संपवण्याने ते अधिक घट्ट बांधले जातात. घरांच्या प्रश्नाचे ओझे मात्र यातून हलके होत नाही. ज्या गावाने जमीन राखली त्याने उरलेल्या जमिनीवर अधिक लोकांना जागा देण्याची जबाबदारीही घेतली पाहिजे. एक करून दुसरे टाळले तर राखलेले कुरण म्हणजे श्रीमंतांच्या खिडकीतला देखावा होऊन बसते.

उपभोगाला अशीच अट घालणाऱ्या ईशोपनिषदाच्या पहिल्या मंत्राचा आशय मराठी वाचकाच्या परिचयाचा आहे. हे सारे जग ईश्वराने व्यापलेले आहे, म्हणून त्यागाने भोग घ्यावा आणि दुसऱ्याच्या धनाचा लोभ धरू नये. सगळी धर्मशास्त्रे नष्ट होऊन एवढा एकच मंत्र उरला तरी हिंदू धर्म टिकेल, असे गांधीजींनी १९३७ मध्ये त्रावणकोरच्या दौऱ्यात सांगितले होते. त्यांची विश्वस्तपणाची कल्पना याच मंत्राशी जोडलेली आहे. थोरो यांचे लेखन त्यांनी दक्षिण आफ्रिकेत वाचले होते, त्यातला ‘सविनय कायदेभंग’ हा शब्द त्यांनी उचलला हे सर्वश्रुत आहे. जमिनीचा प्रश्न हाती घेतला तो त्यांच्या मागे विनोबांनी. गागोद्यात जन्मलेल्या आणि ईशावास्यावर मराठीत वृत्ती लिहिणाऱ्या या माणसाने १८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातल्या पोचमपल्लीत भूमिहीनांसाठी जमीन मागितली आणि रामचंद्र रेड्डी यांनी शंभर एकर देऊ केले. भूदानात पुढे चाळीस लाख एकरांहून अधिक जमिनीचे संकल्प झाले.

पण भूदानातली बरीच जमीन खडकाळ निघाली, काही खटल्यांत अडकली, काही वाटली गेलीच नाही. नको असलेले देणे हा त्याग नसतो हे त्या अनुभवाने शिकवले. हीच कसोटी जिओकॅशरला लावली तर? गोट्या आणि किल्ल्यांची कडी मागे ठेवून जाण्यात कसला त्याग? ज्याची किंमतच नाही त्याचा लोभ सुटला म्हणून लोभ जिंकला असे होत नाही. चालणाऱ्याला हजार एकर फुकट लाभतात ते कुणी तरी हजार एकर सोडले म्हणून, आणि त्याच्याही आधी कुणाकडून तरी ते सुटले म्हणून. आपल्या आनंदाची किंमत दुसऱ्यांनी चुकवली आहे हे न ओळखणारी निरिच्छता फार स्वस्त असते.

म्हणून त्या मंत्रातल्या त्यागाकडे वस्तू सोडण्याची एकवेळची कृती म्हणून पाहणे अपुरे ठरते. त्यागाला रोज काम असते. खेळाने हे आपल्या परीने अनुभवले आहे. एकाच डब्याकडे शेकडो पावले वळली की गवत मरते, माती दडपते आणि नसलेली पायवाट तयार होते. अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यान सेवेने म्हणूनच आपल्या हद्दीत डबे ठेवण्यावर कडक निर्बंध आणले. त्यावर जिओलॉजिकल सोसायटी ऑफ अमेरिकेने २००४ मध्ये ‘अर्थकॅश’ हा प्रकार सुरू केला. त्यात डबा नसतोच. दिलेल्या जागी जायचे, हिमनदीने आणून टाकलेला धोंडा किंवा खडकातले थर निरखायचे, विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे शोधायची आणि परतायचे. सापडते ते फक्त समजणे. खेळातून ऐवज काढून टाकला तरी खेळ उरला, ही घटना तत्त्वज्ञानाच्या दृष्टीने मोलाची आहे. शोधणाऱ्याची ओढ ऐवजाकडे नव्हती, जागेशी नाते जुळण्याकडे होती, याचा हा पुरावा आहे.

ॲपल्टनच्या कुरणांत हे रोजचे काम वेगळ्या रूपात चालते. बोबोलिंक नावाचा काळा-पांढरा, डोक्यामागे पिवळसर पट्टा असलेला पक्षी दक्षिण अमेरिकेतून हजारो किलोमीटर उडत येऊन उन्हाळ्याच्या तोंडाला न्यू इंग्लंडच्या उंच गवतात जमिनीवर घरटे करतो. चाऱ्यासाठी गवत कापण्याची उत्तम वेळही नेमकी तीच. लवकर कापले तर चारा कसदार मिळतो आणि पिल्ले मरतात. पिल्ले उडेपर्यंत थांबले तर गवत निबर होते आणि गाईंसाठी बाहेरून चारा आणावा लागतो. त्यामुळे काही कुरणांची कापणी लांबवायची. किती, कोणत्या, कोणत्या वर्षी, हा हिशेब दर हंगामाला नव्याने करावा लागतो. कुणाचेच नसणे ही जमिनीची अवस्था नाही; तिच्यावर जे अवलंबून आहेत अशा सर्वांचे म्हणणे ऐकून निर्णय घेणारा कुणीतरी लागतोच, मग त्याच्या हाती मालकीचा कागद असो वा विश्वस्ताचा. मालक आणि विश्वस्त यांच्यातला भेद कागदावर थोडा आणि या ऐकण्यात पुष्कळ असतो.

आणि मॅस्कोनोमेटच्या लोकांचे म्हणणे? राखीव जमिनींच्या चळवळीने या प्रश्नाकडे बराच काळ पाठ फिरवली होती. रान वाचवले की पुण्य पुरे झाले, अशी समजूत होती. आता हालचाल दिसू लागली आहे. मॅसॅच्युसेट्समध्येच २०१२ साली मॅशपी वांपानोग समाजातल्या रमोना पीटर्स यांनी नेटिव्ह लँड कन्झर्व्हन्सी स्थापन केली. मूळ रहिवाशांनी स्वतः चालवलेली ही भूमिरक्षक संस्था आहे. केप कॉडवरच्या एका भूमिन्यासाने तिच्याशी करार करून आपल्या ताब्यातल्या जमिनीवर मूळ रहिवाशांना प्रार्थनेसाठी, विधींसाठी आणि वनस्पती गोळा करण्यासाठी येण्याचा कायमचा हक्क लेखी दिला. जमीन न्यासाकडेच राहिली, पण चारशे वर्षांपूर्वी ज्या वहिवाटीला कायद्याने हक्क मानायला नकार दिला होता, तीच वहिवाट आता कायद्याच्या दस्तात हक्क म्हणून लिहिली गेली. रॉजर विल्यम्सला हद्दपार करणाऱ्या राज्यात असे दस्त आणखी किती विश्वस्त संस्था करतील, आणि शतकानुशतके जिथे शेती झाली त्या जुन्या शेतांवर ते करायला किती जण धजतील, यावरून त्यांच्या विश्वस्तपणाची पारख व्हायची आहे.